दोनदा चाललेलं घर

डोळे मिटून पळू नये, हे देलिसला कुणी सांगितलं नव्हतं अशातला भाग नाही. तिचे वडील, ताताय गोर्यो, रोज सांगायचे. पण ऐकेल ती देलिस कसली! शेवटच्या काही ढांगांत ती मान खाली घालायची, छाती पुढे काढायची आणि डोळे गच्च मिटून घ्यायची. आणि खरं म्हणजे समोर बघण्यासारखं होतं तरी काय? बुगतोंग गावात एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला गोट्यांचा किनारा, आणि मधे सपाट म्हणावी अशी एकच पट्टी. चॅपेलच्या मागच्या भिंतीपासून निघायची ती थेट माडांपर्यंत. भाताच्या हंगामात गाव तिथे भात वाळवायचं, बाकी वर्षभर ती देलिसची. पट्टी संपली की मोकळं गवत, आणि गवतावरून येणारा समुद्राचा वारा.

त्या सकाळी मात्र पट्टी संपायच्या आधी घर आलं.

आधी बांबूचं कुंपण मोडलं. मग कोंबड्या ओरडल्या. मग काहीतरी लवंडलं... आणि अख्ख्या प्रांतात जिच्यापुढे कुणी पळत नव्हतं ती फ्लोर्देलिसा माग्बानुआ, वय वर्षं एकोणीस, एका घराच्या शिडीखाली माडीत न्हाऊन बसली.

"सकाळी सकाळी इतकी माडी बरी नव्हे, इंदाय," वरून आवाज आला. गावात कुठल्याही पोरीला अशीच हाक मारत.

शिडीच्या वरच्या पायरीवर एक तरुण बसला होता. हातात वाफाळती कॉफी, खांद्यावर माडी काढायचा कोयता. उठायची घाई नाही, हसायचीही घाई नाही. हसू त्याच्या चेहऱ्यावर सावकाश, जागा बघत बघत पसरलं.

"हे... हे घर कुणाचं?" देलिसने कपाळावरची माडी पुसली.

"आमचं."

"इथे कुठून आलं?"

"चालत."

"थट्टा करतोस?"

"देवाशपथ. मागच्या आठवड्यात नदीने काठ खाल्ला. गावातल्या गड्यांनी खाली बांबू घातले, घर खांद्यावर घेतलं आणि इथे आणून ठेवलं. तू होतीस कुठे? माणसं कमी पडत होती."

"मी स्पर्धेला गेले होते, शहरात. आणि बायका घरं उचलत नाहीत."

"बायका कुंपणंही मोडत नाहीत," तो म्हणाला आणि कॉफीचा घोट घेतला.

देलिसला राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्या पाठोपाठ आणखी काहीतरी आलं, त्याचं नाव तिला पटकन सुचेना... "वाटेत घर कोण ठेवतं रे?" ती उसळून म्हणाली.

"वाट कुठली, माझ्या बापाची जमीन आहे. आणि डोळे मिटून कोण पळतं?"

एवढ्यात खिडकीची झडप वर झाली आणि एक म्हातारं, बारीक तोंड बाहेर डोकावलं. नानाय तासिंग. हिला मात्र देलिस ओळखत होती. झऱ्यावर नानाय तासिंग आली की बाकीच्या बायका आपणहून घागरी मागे घेत.

"तोतो, अरे पोरा, कुंपणात डुक्कर शिरलं का रे?"

"नाही नानाय. ताताय गोर्योची मुलगी आहे."

म्हातारीने देलिसला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "त्यापेक्षा डुक्कर परवडलं," ती म्हणाली आणि झडप पाडली.

अशी ती पहिली भेट. त्याचं नाव क्रिसान्तो, गाव सान्तो म्हणायचं. लहानपणी मामाबरोबर समुद्रापलीकडे उसाच्या मळ्यांत गेला होता, तो आत्ता, देलिस शहरात असताना, आईसाठी, म्हणजे या नानाय तासिंगसाठी, परत आला होता. सगळ्या बुगतोंगमध्ये त्याच्याइतका संथ माणूस नव्हता. तो चालायला लागला की थांबलाय असं वाटायचं, आणि थांबला की झोपलाय असं. माडावर मात्र तो सरसर चढायचा. "खाली उतरून करायचं काय असतं?" असं विचारायचा.

मोडलेलं कुंपण दुसरा कुणी असता तर एका दुपारीत बांधून मोकळा झाला असता. सान्तोला ते रोज पहाटे थोडं थोडं बांधावंसं वाटलं. नेमकं देलिस पळायला यायच्या वेळेला.

"आजही उभं आहे हं कुंपण," तो हाक मारायचा. "डोळे उघडे ठेव!"

"तू तोंड बंद ठेव!" ती पळता पळता ओरडायची.

मग ती कुंपणाच्या अलीकडे टाचा रोवून थांबायची, धापा टाकायची, आणि तो एक कोवळं शहाळं फोडून तिच्यापुढे धरायचा. तिच्या हातात देताना बोटं उगाच क्षणभर रेंगाळायची. शहाळं मोठं, दोन्ही हातांनी धरावं लागतं, त्यात बोटांचा काय दोष?

"एक सांगू?" एकदा तो म्हणाला. "येतेस वाऱ्यासारखी, पण थांबतेस माझ्याच दारात. माझी काही तक्रार नाही."

"पट्टीच तुझ्या दारात संपते, त्याला मी काय करू?"

"मी कुठे म्हणतोय काही कर?"

देलिस शहाळ्यात तोंड खुपसून लाल झाली. आता खरं सांगायला हरकत नाही. हल्ली ती कुंपणाच्या बरीच आधी थांबायला लागली होती. पायांना वाटायचं, आलं घर. आणि मनाला वाटायचं, आला तो. दोघांचं एकमत झालं की माणसाचं काय चालतं?

याची किंमत मनिलात चुकवावी लागली.

राष्ट्रीय स्पर्धा होती. शंभर मीटरची अंतिम फेरी. बंदूक वाजली आणि देलिस अशी सुटली की शेजारच्या मुली मागे राहिल्याचं तिला त्यांच्या श्वासांवरूनच कळलं. पुढे कुणीही नव्हतं. फक्त शेवटची पांढरी रेघ... आणि मग तिच्या पायांनी, तिला न विचारता, टाचा रोवायला सुरुवात केली. तिच्या दोन्ही बाजूंनी तिघी निघून गेल्या. ती चौथी आली.

राष्ट्रीय संघाचे कोच म्हणजे पिकल्या मिशांचे, तिरकस बोलणारे गृहस्थ. ते तिच्याजवळ येऊन उभे राहिले.

"काय गं? तिथे रेघेच्या अलीकडे कुणाचं घर आहे का?"

देलिसच्या डोळ्यांत पाणी होतं. "आहे," ती म्हणाली.

मिशीतलं हसू कोचनी मिशीतच ठेवलं. "मग एक तर ते हलव, नाहीतर घरी बसून भात लाव. तुझ्यासारखी सुटणारी मुलगी मी पाहिली नाही, आणि तुझ्यासारखी थांबणारीही नाही. पाऊस संपला की संघ निवडायची शर्यत आहे. त्यातून शेजारच्या देशांच्या स्पर्धेला जायचं. तेव्हाही थांबलीस, तर मी तुला पुन्हा बोलावणार नाही."

राहायची सोय फक्त निवडलेल्या मुलींची होती. बाकीच्यांनी आपापल्या गावी सराव करायचा. देलिस बोटीतून, मग बसमधून बुगतोंगला परतली. वाटेत तिने सान्तोला काय काय सुनवायचं ते सगळं पाठ केलं. ऐन वेळी मात्र एकच वाक्य बाहेर पडलं.

"तुझ्या घराने मला हरवलं!"

सान्तो नुकताच माडावरून उतरला होता. माडीचं भांडं हातात तसंच राहिलं. "माझ्या घराने?"

"माझ्या पायांना सवय लागलीय. तिथे आले की थांबायची... कोच म्हणाले घर तरी हलव, नाहीतर..." तिने हातातली पिशवी खाली आपटली. "मी लहानपणापासून या एकाच गोष्टीसाठी पळतेय, सान्तो. एकाच. आणि तुम्ही येऊन मधे घर ठेवलंत!"

तिला वाटलं, आता तो काहीतरी थट्टा करेल. मग आपण भांडू, मग आपण रडू, मग तो शहाळं देईल.

सान्तो सावकाश म्हणाला, "बरं."

"बरं? फक्त बरं?"

"बरं," तो पुन्हा म्हणाला, आणि त्याच्या त्या चालीने निघून गेला.

त्या "बरं"ने देलिसच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने पट्टीकडे जाणंच सोडलं. किनाऱ्यावरच्या गोट्यांवर पळायला लागली आणि तिसऱ्याच दिवशी तळवा सोलवटून घेतला. ताताय गोर्योंनी जखमेवर पेरूच्या पाल्याचा काढा ओतला.

"पट्टीवर का पळत नाहीस?"

"तिथे घर आहे."

"ते आधीही होतं. तेव्हा तर तू दोनदा जायचीस."

"ताताय, तुम्ही गप्प बसा ना."

ताताय गप्प बसले. पण त्यांच्या गप्प बसण्यात काहीतरी शिजत होतं. एकदा ती झऱ्यावरून परत आली तेव्हा पेरूच्या झाडाखाली ताताय आणि सान्तो उकिडवे बसले होते. सान्तो काठीने जमिनीवर चौकोन काढत होता. तिला बघताच त्याने तो पायाने पुसला.

"काय चाललंय?"

"कोंबड्यांचं खुराडं बांधतोय," ताताय म्हणाले.

"एवढं मोठं?"

"कोंबडी जरा रागीट आहे. मोकळी जागा लागते तिला," सान्तो म्हणाला. त्याने देलिसकडे बघितलंसुद्धा नाही, आणि तो गेला.

त्याने बघितलं नाही हेच तिला जास्त लागलं. एवढ्याने संपलं सगळं? एका भांडणाने? पुरुषाची जात संथ म्हणून काय झालं, रुसायला मात्र घटकाभर लागत नाही! झऱ्यावर नानाय तासिंगही तिच्याकडे बघून पुटपुटली, "पाय एकीचे, भार दुसऱ्यांच्या खांद्यांना." देलिसला त्याचा अर्थ लागला नाही. लावायची इच्छाही नव्हती. त्या आठवड्यात ती जेवली थोडं आणि भांडली पुष्कळ.

रविवारी प्रार्थना संपली. लोक घरी जायचे सोडून कुठेतरी लगबगीने निघाले, पण देलिस कुणाशी न बोलता किनाऱ्याकडे गेली. भुरभुर पाऊस होता, गोटे निसरडे झाले होते. पळणं जमेना. चपला हातात घेऊन ती परत फिरली, चॅपेलच्या कोपऱ्यावर वळली... आणि जागच्या जागी थांबली.

समोरून घर चालत येत होतं.

नारळाच्या झावळ्यांचं छप्पर, विणलेल्या बांबूच्या भिंती, खिडकीची झडप, शिडी बांधलेली. आणि खाली पायच पाय. गावातला प्रत्येक गडी आडव्या-उभ्या बांबूंना खांदा लावून होता.

"हइशा!" एकाने आरोळी दिली.

"हइशा!" बाकीचे ओरडले आणि घर एक पाऊल पुढे आलं.

खिडकीत नानाय तासिंग बसली होती. मांडीवर बाळ येशूची मूर्ती, काखेत कोंबडी. तिने उतरायला साफ नकार दिला होता, हे देलिसला पुढे कळलं. आत्ता फक्त तिचा आवाज ऐकू येत होता. "घर म्हणजे काय मांजरीचं पिल्लू आहे, सात ठिकाणी फिरवायला? ए डावीकडचे! माझ्या बरण्या आहेत आत! कुणाच्या पोरीला पळायचंय म्हणून मी या वयात पालखीत बसू?"

"मग उतरा ना, नानाय, तेवढंच ओझं कमी!" खालून कुणीतरी म्हणालं.

"मी उतरले तर बरण्या कोण धरेल, तुझा बाप?"

मागच्या कोपऱ्याला ताताय गोर्यो होते. त्यांचा गुडघा आधीच अधू. निसरड्या गवतावर त्यांचा पाय सरकला, कोपरा खचला, आतून बरण्यांचा आणि नानायचा एकदम आवाज झाला. देलिसने चपला फेकल्या. ती धावली. ती धाव कुणी मोजली नाही, पण बुगतोंगमध्ये अजून तिची आठवण काढतात. वडिलांना बाजूला सारून तिने बांबूला खांदा लावला.

"बायका घर उचलत नाहीत," पुढून आवाज आला.

तिच्या पुढ्यात त्याच बांबूखाली सान्तो होता. त्याची मान घामाने आणि पावसाने भिजली होती.

"तू पुढे बघ," देलिस म्हणाली. "कुठे नेताय हे?"

"तुमच्या पेरूखाली. तातायनी जागा दिली."

"खुराडं..."

"खुराडंच. हे एवढं."

"हइशा!" घर एक पाऊल पुढे गेलं.

"मी रागाच्या भरात बोलले होते, सान्तो."

"मी रागाने नाही हलवत."

"मग इतके दिवस माझ्याशी बोलला का नाहीस?"

"दारोदार जाऊन खांदे मागत होतो. शिवाय नानायला मनवायचं होतं. त्यालाच जास्त दिवस लागले." त्याने बांबू खांद्यावर नीट घेतला. "आणि तुझ्याशी बोललो असतो तर सांगून टाकलं असतं. माझ्या पोटात काही राहत नाही, तुझ्यासमोर तर नाहीच."

देलिसचे डोळे भरून आले, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. आयुष्यात ती इतकी हळू कधी चालली नव्हती. एक पाऊल, आरोळी, पुन्हा एक पाऊल. खांदा दुखत होता आणि तो दुखायचा थांबू नये असं वाटत होतं.

"किती हळू चाललोय आपण," ती म्हणाली.

"घर घेऊन असंच चालावं लागतं, इंदाय," सान्तो पुढे बघत म्हणाला. "जमेल का तुला?"

पुढची आरोळी आली तेव्हा सगळ्यांत मोठ्याने "हइशा" तिनेच म्हटलं.

पेरूखाली खड्डे तयार होते. खांब बसले, माती ठोकली गेली. ज्याचं घर त्याने ते उचलणाऱ्यांना जेवू घालायचं, म्हणून ताताय गोर्योंच्या अंगणात कोंबडी घातलेल्या भाताच्या पेजेचं मोठं पातेलं रटरटत होतं. वाडगी फिरली, माडी फिरली. तेवढ्यात नानाय तासिंग शिडीवरून खाली उतरली. तिच्या एका हातात तांदळाचा वाडगा होता, दुसऱ्या हातात मिठाचा.

नव्या जागी घरात सगळ्यांत आधी जायचे ते तांदूळ आणि मीठ, आणि न्यायचे ते घरच्या बाईने.

"पण नानाय, तुम्ही तर सगळा वेळ आतच होतात!" कुणीतरी हसलं.

"आता उतरले ना? झालं घर रिकामं." तिने पाऊल शिडीवर ठेवलं, तांदूळ आत ठेवून आली, आणि परत खाली येऊन मिठाचा वाडगा देलिसपुढे धरला. "मी म्हातारी झाले. दोन दोन खेपा होत नाहीत. हे तू ने."

पेज भुरकायचे आवाज थांबले. अंगणात ज्याला ज्याला कान होते त्याला कळलं म्हातारी काय विचारतेय. सान्तोचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"नानाय..." देलिसने वडिलांकडे पाहिलं. ताताय पातेल्यात डाव घालून तळाशी काहीतरी शोधत होते. "नानाय, मला सान्तो... म्हणजे मला आवडेल. फार आवडेल. पण मला अजून पळायचंय."

"मग मी काय तुला दाव्याला बांधतेय? पळून ये आधी. मीठ काही विटत नाही." म्हातारीने वाडगा शिडीच्या पहिल्या पायरीवर ठेवला आणि वर नारळाची करवंटी पालथी घातली. "हा इथे राहील. कुणी हात लावायचा नाही."

"आणि तोवर तुमच्या घरात स्वयंपाक?"

"तोवर गोर्योच्या चुलीवर जेवू. जागा त्याची, तर मीठही त्याचंच!"

दुसऱ्या पहाटे देलिस पट्टीवर गेली. घर नव्हतं, कुंपण नव्हतं, खांबांचे खड्डे बुजवून सान्तोने माती चोपली होती. ती सुटली... आणि जिथे कुंपण असायचं तिथे बरोबर थांबली.

"काही नाहीये तिथे!" सान्तो पलीकडून ओरडला. आता तो पलीकडे उभा राहायचा, शहाळं घेऊन.

"मला माहितीये! पायांना सांग!"

"पायांनो, या की!"

ती हसत हसत पुन्हा मागे गेली. पायांची समजूत अशी एका दिवसात पटत नाही. कधी दोन ढांगा जास्त जायची, कधी पुन्हा टाचा रोवायच्या. सान्तो आपला रोज थोडा थोडा मागे सरकायचा. आधी बुजलेल्या खड्ड्यांपाशी, मग माडांपाशी, मग माडांच्याही पलीकडे. त्याच्यापर्यंत पोचायचं तर त्या जागेवरून जावंच लागे. भात कापणीला आला तोवर शहाळं बरंच लांब गेलं होतं, आणि देलिसही.

रोज संध्याकाळी सान्तो आईचं जेवण न्यायला पेरूखालून त्यांच्या चुलीशी यायचा. "ताताय, आईने वर चिमूटभर मीठ मागितलंय."

"रोज चिमूट? लेका, आमचं मीठ खातोयस. खाल्ल्या मिठाला जागशील ना?"

"जागतोय की. म्हणून तर पहाटे उठतो."

देलिस चुलीत फुंकर घालत राहायची. धूर डोळ्यांत जातो म्हणून बरं असतं.

मनिलात निवडीच्या दिवशी पाऊस नुकताच थांबला होता. मैदान ओलं होतं, पट्ट्यांवर पाणी चमकत होतं. देलिस खाली वाकली, बोटं रेघेमागे टेकवली. बंदूक वाजली.

सुटणं तिला येतच होतं. शेजारणी मागे पडल्या. पुढे मोकळं. आणि ती जागा आली, जिथे आजवर घर होतं... तिने डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी बघितलं. तिथे चोपलेली माती होती, आणि खूप पलीकडे, माडांच्याही मागे, एक संथ माणूस शहाळं धरून उभा होता. पाय त्याच्याकडे निघाले. फीत छातीला लागली ते तिला समजलं, पण ती थांबली नाही. वळणापर्यंत गेली, वळणही पळाली.

"अगं ए! संपली शर्यत! जिंकलीस!" कोच मागून धावत आले, मिशीसकट धापा टाकत. "आता थांब की! ते घर कुठे गेलं?"

"हलवलं," देलिस म्हणाली, आणि ओल्या गवतावर बसून मनसोक्त रडली.

संघाच्या मुक्कामाला राहायला जायच्या आधी तिला थोडे दिवस घरी जायला मिळालं. बुगतोंगच्या थांब्यावर बस थांबली तेव्हा चॅपेलची घंटा वाजत होती आणि ताताय गोर्यो अधू गुडघ्याने नाचत होते. सान्तो सगळ्यांच्या मागे होता. गर्दी पुढे सरकली, तो तिथेच राहिला. मग देलिसच त्याच्याकडे गेली.

"तू पुढे का नाही आलास?"

"तुला लांब यायची सवय लावलीय ना," तो म्हणाला. "मोडायला नको."

"सान्तो, मी अजून पुष्कळ पळणार आहे. पुढच्या महिन्यात परदेशात, मग परत मनिलात, मग... मी घरी कमी असेन. आत्ताच सांगते."

"पळ. मी एकदा वाटेत आलो होतो, तेवढं पुरे." त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. "पण मधून मधून मीठ संपेल. त्याचं काय करायचं?"

"आणीन."

"लवकर आणशील?"

"माझ्यापेक्षा लवकर कोण आणेल?"

पुढे ती खरोखरच पुष्कळ पळाली. बोटीने गेली, विमानाने गेली, ज्यांची नावं ताताय गोर्योंना उच्चारता येत नव्हती अशा शहरांत पळाली. पेरूखालच्या त्या घराच्या भिंतीला पदकं अडकवायला खिळे कमी पडले आणि नानायने एक चक्क लसणाच्या माळेबरोबर टांगलं. लग्नही झालं, दोन स्पर्धांच्या मधल्या सवडीत. पण गावाच्या हिशेबी ते लग्न आधीच झालं होतं, ती मनिलाहून परतली त्या संध्याकाळी.

त्या संध्याकाळी देलिसने शिडीच्या पायरीवरची करवंटी उचलली. समुद्राच्या दमट हवेने मिठाला पाणी सुटलं होतं, पण मीठ होतं तसंच होतं. तिने वाडगा दोन्ही हातांत धरला. अंगणातली माणसं शिडीभोवती गोळा झाली. ती एकेक पायरी चढली. सावकाश, सान्तोसारखी.

आत नानाय तासिंगने नव्या जागी स्वतःची चूल पहिल्यांदाच पेटवली होती. गवती चहा घातलेलं माशाचं पातळ कालवण उकळत होतं, अळणी. म्हातारी बाजूला सरली. देलिसने वाडग्यातून चिमूट घेतली. ती कमी वाटली, म्हणून आणखी एक घेतली. मग सान्तो आपल्याकडे बघतोय हे लक्षात आलं आणि काय टाकलं, किती टाकलं, याचं भानच राहिलं नाही.

चौघं जमिनीवर बसले. नानायने पहिला घोट घेतला. सान्तो थांबला, ताताय थांबले, देलिसचा तर श्वासच थांबला. असा तो बंदुकीआधीही थांबत नसे.

"खारट झालंय," नानाय तासिंग म्हणाली.

मग तिने वाडगा रिकामा केला आणि देलिसपुढे धरला. "वाढ आणखी."